अंगणातला मेपल कोणता? नॉर्वे मेपल पक्का ओळखण्याची रीत

ईशान्य अमेरिकेत किंवा ओंटारिओत घर घेतलं की अंगणात, नाहीतर फुटपाथच्या कडेला, एखादा मोठा मेपल घराबरोबर आयताच मिळतो. तो इथला मूळचा शुगर मेपल असेल तर जपावा असा ठेवा. नॉर्वे मेपल असेल, तर निदान त्याची रोपं मागच्या जंगलात शिरणार नाहीत एवढं तरी बघायला हवं. अडचण अशी, की दहा फुटांवरून दोघांची पानं सारखीच दिसतात, फोनमधलं ॲप पानाच्या एका फोटोवर कधी हे सांगतं कधी ते, आणि ज्यांचं बालपण आंबा, वड, पिंपळ बघण्यात गेलं त्यांच्या डोळ्याला मेपलमेपलमधला फरक सवयीचा नसतो. त्यामुळे शुगर मेपल तोडला जातो आणि नॉर्वे मेपल कौतुकाने वाढवला जातो. दोन्ही चुका नेहमी घडतात. पहिली जास्त महाग, कारण तेवढा शुगर मेपल पुन्हा उभा राहायला दोन पिढ्या लागतात.

नॉर्वे मेपल, म्हणजे एसर प्लॅटनॉइडिस, मूळचा युरोपचा आणि पश्चिम आशियाचा. १७५६ मध्ये फिलाडेल्फियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बार्ट्रम यांनी तो अमेरिकेत आणला. पुढे बराच काळ तो बागांपुरताच राहिला. १९३० नंतर डच एल्म रोगाने गावोगावच्या रस्त्यांवरचे एल्म मारायला सुरुवात केली, आणि रिकाम्या झालेल्या जागांवर नगरपालिकांनी हाच मेपल रांगेने लावला. निवड अगदीच चुकीची नव्हती. दाबून घट्ट झालेली माती, धूर, छाटणी, सावली, सगळं हे झाड सोसतं आणि वर लवकर वाढतं. पण याच गुणांमुळे ते जंगलात भारी पडतं. त्याला वसंतात पानं लवकर फुटतात, शरदात उशिरापर्यंत टिकतात आणि खाली दाट सावली पडते. मुळं वरच्या थरातच पसरतात. सावलीत इतर झाडांची रोपं खुरटतात, याची मात्र वाढतात. न्यू जर्सीत मॅडिसनच्या ड्रू विद्यापीठाच्या राखीव जंगलात या आक्रमणाचा बराच अभ्यास झाला आहे. युरोपात राहणाऱ्या वाचकांनी मात्र घाबरून जाऊ नये. जर्मनीत किंवा पोलंडमध्ये हे झाड आपल्याच घरी आहे.

ओळखीचा एक नियम आधीच सांगून ठेवतो: एकाच खुणेवर कधीही निकाल देऊ नका. एकमेकींशी संबंध नसलेल्या किमान दोन खुणा जुळल्या पाहिजेत. झाडाला पानं असतील तर त्यातली एक चीकाची असावी. पानाचा आकार आणि शरदातला रंग या दोन गोष्टींवर लोक सर्वांत जास्त विसंबतात, आणि त्याच सर्वांत जास्त फसवतात.

आधी हे मेपल तरी आहे का

डहाळी हातात घ्या आणि पानं कशी निघाली आहेत ते बघा. मेपलची पानं आणि फांद्या समोरासमोर जोडीने निघतात. डावीकडे एक देठ, तर त्याच पेराला बरोबर उजवीकडे दुसरा. एकाआड एक पानं असतील तर ते झाड मेपल नाही. स्वीटगम आणि रस्त्यांवर लावलेला लंडन प्लेन, या दोघांची पानं मेपलसारखी फाटलेली असतात, पण एकाआड एक येतात. स्वीटगमचं पान चुरगाळलं की सुगंध येतो आणि झाडाखाली काटेरी गोळे पडलेले असतात. प्लेनची साल पापुद्र्यांनी गळते आणि खाली फिकट ठिगळं उघडी पडतात.

जोडी बघताना एकच पेर बघू नका. वाऱ्याने किंवा खारीने एका बाजूची डहाळी मोडलेली असते आणि समोरासमोरची मांडणी एकाआड एक वाटते. सलग पाच-सहा पेरं तपासा. पान नसलं तरी त्याच्या देठाचा वण सालीवर दिसतो.

चीकाची चाचणी

ही सर्वांत उपयोगाची खूण आहे, म्हणून ती नीट कशी करायची ते बारकाईने सांगतो.

झाडावरचं हिरवं, धडधाकट पान निवडा. देठ डहाळीला जिथे चिकटलेला असतो तिथूनच तो अलगद ओढून तोडा, मधून नाही. देठाचं बुड थोडं फुगीर असतं. ते बोटांत धरून नखाने हलकेच दाबा आणि दहा सेकंद थांबा. नॉर्वे मेपल असेल तर दुधासारखा पांढरा थेंब जमतो. रुईचं पान तोडल्यावर येतो तसाच चीक, फक्त प्रमाण फार कमी. शुगर मेपल, रेड मेपल, सिल्व्हर मेपल यांच्या देठातून काही येत नाही, किंवा पाण्यासारखा स्वच्छ ओलावा दिसतो.

थेंब लहान असला तर पांढरा की पारदर्शक ते कळत नाही. देठाचं बुड काळ्या कापडावर किंवा फोनच्या काळ्या कव्हरवर टेकवा. पांढरा ठिपका उमटला तर चीक आहे. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर देठ आधी पुसून घ्या, कारण पावसाच्या थेंबात आकाशाचा उजेड पडून तो पांढरट दिसतो.

झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंची तीन-चार पानं तरी तोडून बघा. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत, भर दुपारी, उन्हाच्या बाजूच्या पानात चीक फार कमी येतो. तेच झाड सकाळी, सावलीतल्या फांदीवर तपासलं तर चटकन उत्तर देतं. पानं पिवळी पडू लागली की चीक आटतो. ऑक्टोबरच्या शेवटी "चीक आला नाही, म्हणजे शुगर मेपल" असा निष्कर्ष काढू नका. त्या दिवसांत चीक आला तर तो पुरावा आहे, नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही. जमिनीवर पडलेल्या पानांवर ही चाचणी करून उपयोग नाही.

आणखी एक गैरसमज. काही जण मार्चमध्ये खोडाला भोक पाडून बघतात आणि रस स्वच्छ निघाला म्हणून झाडाला शुगर मेपल ठरवतात. खोडातून मार्चमध्ये वाहणारा रस नॉर्वे मेपलचाही पाण्यासारखाच स्वच्छ असतो. पांढरा चीक असतो तो देठात, कोवळ्या डहाळीत आणि डोळ्यांत, म्हणजे डहाळीवरच्या न उमललेल्या कोंबांत.

चीक आला, तरी थांबा

पांढरा चीक असणारे मेपल आणखीही आहेत, आणि त्यातला एक तर पश्चिम किनाऱ्याचा भूमिपुत्र आहे.

वॉशिंग्टन, ओरेगन, ब्रिटिश कोलंबिया इथे बिगलीफ मेपल सगळीकडे उगवतो आणि त्यालाही पांढरा चीक असतो. सिॲटलमध्ये राहून न्यू जर्सीसाठी लिहिलेल्या माहितीवर झाड तोडलं तर भलताच बळी जाईल. बिगलीफचं पान नावाप्रमाणे मोठं, १५ ते ३० सेंटिमीटर, कधी त्याहूनही रुंद, आणि खोलवर फाटलेलं. त्याच्या बियांच्या फुगीर भागावर राठ, टोचरे केस असतात. नॉर्वे मेपलचं बी गुळगुळीत असतं.

कुंपणासाठी लावतात तो हेज मेपल लहान पानाचा असतो. पान ५ ते १० सेंटिमीटर आणि त्याच्या बोटांची, म्हणजे फाटलेल्या भागांची, टोकं बोथट, गोलसर. नॉर्वे मेपलचं टोक नेहमी अणकुचीदार, म्हणून इथे गोंधळ फार होत नाही.

खरी डोकेदुखी शँटुंग मेपल ही आहे. हा चीनकडचा. पान लहानसर, कडा सलग, आणि बहुतेक पानांचा देठाकडचा भाग सरळ कापल्यासारखा सपाट. नॉर्वेच्या पानाचा देठाकडचा भाग आत वळलेला असतो. पण नर्सऱ्यांनी या दोघांचे संकर बाजारात आणले आहेत. 'नॉर्वेजियन सनसेट' आणि 'पॅसिफिक सनसेट' ही त्यांची नावं. अशा झाडावर दोन्हीकडच्या खुणा मिसळलेल्या मिळतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लावलेलं, रस्त्याकडेचं, मध्यम उंचीचं झाड काही केल्या कुठल्याच वर्णनात बसत नसेल, तर आधी संकराचा संशय घ्या. नगरपालिकेच्या वृक्ष विभागाकडे लावणीची नोंद असू शकते.

पान हातात घेऊन

नॉर्वे मेपलचं पान साधारण १० ते १८ सेंटिमीटर रुंद असतं, आणि बहुधा लांबीपेक्षा रुंदी जास्त भरते. पट्टी लावून मोजा, डोळ्यांचा अंदाज इथे चुकतो. बोटं पाच, कधी देठाजवळ आणखी दोन लहान मिळून सात. प्रत्येक बोटाचं आणि मोठ्या दात्याचं टोक केसाएवढं बारीक होत संपतं. वरची बाजू गडद हिरवी. पान उलटं केलं तरी खालची बाजू हिरवीच आणि किंचित चकाकणारी. देठ लांब, पुष्कळदा पानाच्याच लांबीचा.

शुगर मेपलच्या पानाची खालची बाजू वरच्यापेक्षा स्पष्ट फिकी असते, त्यावर पांढरट झाक असते. बोटं तीन ते पाच. पान थोडं लहान आणि रुंदी-लांबी साधारण सारखी. रेड मेपलच्या पानाला काठाने करवतीसारखे बारीक दाते असतात, नॉर्वे आणि शुगर या दोघांनाही तसे नसतात. सिल्व्हर मेपलचं पान खोल फाटलेलं आणि खालून चंदेरी. तो लांबूनच ओळखू येतो.

एक पान कधीच पुरत नाही. सावलीतली पानं मोठी आणि उथळ फाटलेली असतात, शेंड्याची लहान आणि खोल फाटलेली. तोडलेल्या खुंटावरच्या धुमाऱ्यांची पानं तर इतकी अवाढव्य होतात, की मापं सगळी खोटी ठरतात. मधल्या उंचीवरची, साध्या डहाळीवरची पानं घ्या.

ऑगस्टपासून नॉर्वेच्या पानांवर डांबराचे थेंब पडल्यासारखे काळे डाग दिसतात. हा बुरशीचा रोग, टार स्पॉट. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फिकट पिवळे ठिपके आणि नंतर सेंटिमीटरभर किंवा जास्त रुंद काळे चट्टे. नॉर्वेवरची बुरशी युरोपची आहे, तर रेड आणि सिल्व्हर मेपलवर तिची अमेरिकी बहीण असेच डाग पाडते. म्हणून डाग म्हणजे नॉर्वे, असं नाही. संपूर्ण झाड काळ्या चट्ट्यांनी भरलेलं असेल तर संशय बळावतो, एवढंच. या रोगाने झाड मरत नाही, फवारणीच्या खर्चात पडू नका. गळलेली पानं गोळा करून टाकली की पुढच्या वर्षी डाग कमी पडतात.

पानाच्या आकारावर तज्ज्ञांचंही एकमत होत नाही, याचा एक गमतीदार दाखला आहे. जानेवारी २०१३ मध्ये कॅनडाच्या नव्या प्लॅस्टिकच्या नोटांवरचं पान आपल्या देशी मेपलचं नसून नॉर्वे मेपलचं दिसतं, अशी तक्रार तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली. मध्यवर्ती बँकेचं म्हणणं पडलं, की ते कुठल्याच एका जातीचं नाही, कलाकाराने घडवलेलं पान आहे.

जांभळ्या पानांचा 'रेड मेपल'

उपनगरांत सर्वांत जास्त गोंधळ या झाडाने घातला आहे. उन्हाळाभर गडद जांभळी-लाल पानं मिरवणारं मोठं झाड बघितलं की सगळे त्याला रेड मेपल म्हणतात, पुष्कळदा घर विकणारे एजंटही. ते बहुतेक वेळा नॉर्वे मेपलचंच 'क्रिम्सन किंग' नावाचं वाण असतं. खरा रेड मेपल इथला देशी. त्याची पानं उन्हाळ्यात हिरवी असतात. लाल असतात ती फुलं, डोळे, देठ आणि शरदातली पानं.

क्रिम्सन किंगच्या देठाला चीक येतो, पानाची घडण नॉर्वेचीच. तशीच जांभळी पानं जपानी मेपललाही असतात, पण ते झाड बुटकं, पान तळहाताहून लहान, बोटं पाच-सात, अरुंद आणि खोल, आणि चीक नाही. जांभळा प्लम आणि तांबडा बीच यांची पानं फाटलेली नसतात आणि एकाआड एक येतात.

'श्वेडलेरी' हे जुनं वाण वसंतात जांभळं असतं आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. मे महिन्यात बघितलेलं झाड ऑगस्टमध्ये दुसरंच वाटतं. 'ड्रमंडी' या वाणाच्या पानांना पांढरट काठ असतो, पण त्यातली एखादी फांदी मध्येच साधी हिरवी होऊन जोमाने वाढते. ते कलम बिघडल्याचं लक्षण नाही, मूळ गुण वर आलेला असतो. 'एमराल्ड क्वीन' हिरव्याच पानांचं, रस्त्यांवर भरपूर लावलेलं.

शोभेच्या वाणाचं बी निर्धोक असतं, असं नर्सरीत सांगितलं तर मान्य करू नका. क्रिम्सन किंगच्या बियांपासूनही रोपं येतात. काही लालसर, काही साधी हिरवी. हिरवी रोपं आईकडे बघून कुणाला ओळखता येत नाहीत.

बी: दुसरी पक्की खूण

मेपलचं फळ म्हणजे दोन पंखांची जोडी. प्रत्येक पंखाच्या मुळाशी एक बी. नॉर्वे मेपलची जोडी टेबलावर ठेवली तर दोन्ही पंख जवळजवळ एका सरळ रेषेत, १८० अंशांच्या आसपास पसरलेले दिसतात. एकेक पंख साडेतीन ते पाच सेंटिमीटर. बियाचा भाग चपटा, दोन बोटांत धरला तर पातळ चकतीसारखा लागतो.

शुगर मेपलचे पंख खाली वळलेले, जवळजवळ समांतर, एकेक दोन ते तीन सेंटिमीटर आणि बियाचा भाग टपोरा, गोल. हा फरक डोळे मिटून नुसत्या बोटांनीही कळतो. आमच्या मते चीकानंतर सर्वांत भरवशाची खूण हीच.

बी कधी पिकतं तेही बघा. रेड आणि सिल्व्हर मेपलचं बी वसंताच्या अखेरीस, उन्हाळा लागता लागता गळतं. नॉर्वेचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतं आणि कधी कधी डिसेंबरपर्यंत झाडावर लोंबतं. मेमध्ये अंगणभर भिंगऱ्या पडल्या असतील तर ते झाड नॉर्वे नाही. जमिनीवरचं बी वापरताना ते याच झाडाचं आहे याची खात्री करा, शेजारच्या रस्त्यावरून वाऱ्याने आलेलं असू शकतं. फांदीवर लटकलेला घोस मिळाला तर उत्तम.

सिकॅमोर मेपल हा युरोपचाच दुसरा पाहुणा. त्याचे पंख साधारण काटकोनात किंवा त्याहून जवळ असतात, पान जाड, सुरकुतलेलं आणि काठाने ओबडधोबड दात्यांचं, आणि देठात पांढरा चीक नाही. काही भागांत तोही आक्रमक मानला जातो, पण तो वेगळा विषय.

फुलं, साल, शरदातला रंग

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, पानं पुरती उलगडण्याआधी, नॉर्वे मेपलवर पोपटी-पिवळ्या फुलांचे उभे गुच्छ येतात. सगळं झाड लांबून पिवळट दिसतं. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या असतात. शुगर मेपलच्या फुलांना पाकळ्याच नसतात, आणि ती लांब बारीक देठांवर खाली लोंबतात. वर्षातून दोन आठवडेच चालणारी, पण अगदी सोपी खूण. त्या दिवसांत गाडीतून जाता जाताही अख्ख्या गल्लीतले नॉर्वे मेपल मोजता येतात.

सालीवर फार विसंबू नका. जुन्या नॉर्वेच्या सालीवर एकमेकांत गुंतलेल्या उथळ, बऱ्यापैकी नियमित रेघांची जाळी असते. जुन्या शुगर मेपलच्या सालीचे लांब पट्टे एका बाजूने सुटून बाहेर वळतात. कोवळ्या झाडांची साल दोघांचीही गुळगुळीत.

शरदात शुगर मेपल केशरी-लाल होऊन मोकळा होतो तेव्हा नॉर्वे अजून हिरवाच उभा असतो. साधारण दोन आठवड्यांनी तो पिवळा पडतो, आणि कधी लवकर थंडी आली तर तपकिरी होऊन तसाच गळतो. ऑक्टोबरच्या अखेरीस जंगलाच्या कडेला एकटाच हिरवा राहिलेला पट्टा दिसला तर तिथे जाऊन देठ तपासा. मात्र शुगर मेपलही काही वर्षी नुसता पिवळा होतो, म्हणून रंग हा शोधायला चांगला, ठरवायला नाही.

हिवाळ्यात: डोळे बघा

पानं नसताना डहाळीच्या टोकाचा डोळा हा मुख्य आधार. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असलं तर काम सोपं होतं, नसलं तरी फोनचा कॅमेरा चालतो.

नॉर्वेचा टोकाचा डोळा टपोरा, बोथट, पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. रंग हिरवट ते मरून. त्यावर दोन-तीन जोड्या मोठे, गुळगुळीत खवले. शुगर मेपलचा डोळा सडपातळ, टोकदार, तपकिरी आणि पुष्कळ बारीक खवल्यांनी झाकलेला. रेड मेपलचे डोळे लहान, लाल, बोथट, आणि फुलांचे डोळे झुबक्याने. हिवाळ्याच्या अखेरीस नॉर्वेचा डोळा आडवा कापला तर आतही पांढरा चीक दिसू शकतो. पण गोठलेल्या दिवशी तो दिसेलच असं नाही. डहाळी घरात आणून तासभर ठेवून मग कापा.

डहाळीवर समोरासमोरच्या देठांचे वण बघा. नॉर्वेमध्ये दोन वणांच्या कडा एकमेकींना भिडून अणकुचीदार कोन करतात. सिकॅमोर मेपलचे डोळे हिरवे असतात आणि खवल्यांना गडद कड असते, त्यामुळे हिवाळ्यात तो नॉर्वेपासून सहज वेगळा काढता येतो.

झाडाखालचं बघायला विसरू नका

मोठ्या नॉर्वे मेपलखाली गवत विरळ होतं किंवा उघडी माती दिसते, पृष्ठभागावर मुळं उठून आलेली असतात. पुष्कळदा एखादं मूळ बुंध्यालाच वेढा घालतं आणि त्या बाजूने खोड सपाट दिसतं. अशा झाडाचा शेंडा एका बाजूने वाळू लागला तर कारण तिथे शोधावं.

मे महिन्यात खाली उगवलेली रोपं बघा. आधी दोन लांबट पट्टीसारखी बीजदलं येतात आणि मग पहिली खरी पानं. ही पहिली पानं साधी, बदामी आकाराची असतात, पाच बोटांची नाहीत, म्हणून चित्राशी ताडून बघणारे ती ओळखत नाहीत. पण चीकाची चाचणी रोपावरही चालते. कोवळा दांडा मोडला की पांढरा ठिपका येतो. गुडघ्यावर बसण्याआधी भोवती पॉयझन आयव्ही, म्हणजे अंगावर खाज-फोड आणणारी वेल, नाही ना हे तपासा. तिची तीन पानं एका देठावर आणि देठ एकाआड एक. तीन पानांचा पण समोरासमोर देठांचा असेल तर तो बॉक्सएल्डर, म्हणजे मेपलचाच भाऊ, आणि निरुपद्रवी.

कुणाला विचारायचं असेल तर एका पानाचा फोटो पाठवू नका. पानाच्या दोन्ही बाजू पट्टीसह, मोडलेला देठ काळ्या पार्श्वभूमीवर, बियांची जोडी, टोकाचा डोळा आणि छातीच्या उंचीवरची साल, असे फोटो काढा. आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर एवढे फोटो टाकले तर उत्तर लवकर आणि बहुधा बरोबर मिळतं.

नॉर्वेच निघाला, आता?

मॅसॅच्युसेट्समध्ये १ जानेवारी २००९ पासून त्याची विक्री बंद आहे. न्यू हॅम्पशरमध्ये बंदी आहे, मेन राज्यात २०१८ पासून. न्यूयॉर्कमध्ये आक्रमक असल्याची चिठ्ठी लावून विकता येतो. या बंदीचा अर्थ अंगणातलं उभं झाड तोडलंच पाहिजे असा नाही. दाट वस्तीत, जिथून जंगल लांब आहे, तिथे सावली देणारं निरोगी झाड राहू द्यावं आणि रोपं उपटत राहावीत, असं आमचं मत. जंगलाला किंवा ओढ्याला लागून असेल तर मात्र काढण्याचा विचार करावा.

काढण्याआधी मालकी बघा. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीतलं झाड बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचं असतं, त्याला हात लावता येत नाही. टोरांटोत खाजगी जागेतल्या झाडाचा व्यास जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर ३० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर परवाना लागतो. टेपने घेर मोजा. ९४ सेंटिमीटर घेर म्हणजे ३० सेंटिमीटर व्यास.

गुडघ्यापर्यंतची रोपं पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटून निघतात. कोरड्या मातीत ओढलं तर दांडा तुटतो आणि खालून पुन्हा फुटतो. अंगठ्याएवढ्या जाडीला तरफेचं अवजार किंवा फावडं लागतं. त्याहून मोठं झाड नुसतं तोडून भागत नाही, खुंटाला धुमारे येतात. तोडल्यावर पाच मिनिटांच्या आत ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर हे तणनाशक ब्रशने खुंटाला लावतात, तेही सगळीकडे नाही, सालीलगतच्या बाहेरच्या कड्यावर, कारण जिवंत थर तिथे असतो. प्रमाण आणि हातमोजे-चष्म्याच्या सूचना डब्यावरच्या लेबलप्रमाणे पाळा. मार्च ते मे हे काम टाळा. तेव्हा रस वर चढत असतो आणि औषध आत शिरण्याऐवजी बाहेर फेकलं जातं. घराजवळचं मोठं झाड प्रमाणित वृक्षतज्ज्ञाकडूनच उतरवून घ्या.

लाकूड लांब नेऊ नका. मेपल पोखरणारा आशियाई लांबशिंगी भुंगा २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरमध्ये सापडला. नॉर्वे मेपल त्याच्या आवडत्या झाडांपैकी एक. जिथे त्याच्यामुळे निर्बंध आहेत तिथून ओंडके, फांद्या, सरपण बाहेर नेणं कायद्याने मना आहे.

रिकाम्या जागेत शुगर मेपल, रेड मेपल किंवा देशी ओक लावता येतो. शुगर मेपलला रस्त्यावरचं हिवाळी मीठ आणि घट्ट माती सोसत नाही, तो मागच्या अंगणात लावा. पुढे रस्त्याकडेला ओक बरा. नवीन झाड घेताना नर्सरीतच एक पान तोडून देठ दाबून बघा, चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. आणि खुंट मेला तरी पुढची काही वर्षं मे महिन्यात ती जागा एकदा पायाखालून घाला. शेजारच्या झाडांचं बी वाऱ्याने येतच राहतं, आणि त्या महिन्यात रोप दोन बोटांनी निघतं.